चौक नव्याने आखताय? या चुका टाळा

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या अलका टॉकीज चौकात उभं राहून बघा. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर या चारही रस्त्यांनी मिरवणुका येऊन मिळतात आणि ढोलांचा आवाज दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नाही. एरवी हाच चौक बस, रिक्षा आणि दुचाक्यांचा असतो. एकाच जागेला ही दोन्ही कामं करायची असतात. आखणीत त्यातलं एक विसरलं की नवी फरशी वर्षा-दोन वर्षांत उखडलीच म्हणून समजा.

फक्त गाड्या मोजणं

सर्वेक्षणात कोपऱ्यावर बसून गाड्या मोजतात, चालणारी माणसं मात्र कागदावर येतच नाहीत. तीही मोजा. कामाच्या दिवशी सकाळी मोजा, शनिवारी संध्याकाळीही मोजा. लोक रस्ता कुठून ओलांडतात ते नीट पाहा आणि झेब्रा पट्टे तिथेच मारा. वळसा घालून कुणी जात नाही.

एका चौकात मी घड्याळ लावून पाहिलं. रस्ता १५ मीटर, हिरवा सिग्नल १२ सेकंद. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी दुभाजकापर्यंत पोचल्या आणि लाल दिवा लागला. दुभाजक जेमतेम फूटभर रुंद. पिशवी पोटाशी धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि बस इतक्या जवळून गेली की पदर उडाला. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. त्यालाही साडेबारा सेकंद लागतात, म्हणजे १२ सेकंद जेमतेमच. पण आजींचा वेग ०.८ धरला तर १९ सेकंद लागतात. वेळ वाढवता येत नसेल तर कोपऱ्यावरचा पदपथ पुढे आणून ओलांडायचं अंतर कमी करा, आणि दुभाजक बाबागाडी मावेल इतका रुंद ठेवा.

फ्री लेफ्टचं, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे जायचं, ऐसपैस वळण हीसुद्धा चूकच. वळण मोठं असलं की गाडी वेग कमी करत नाही. कोपरा आवळा.

सण-समारंभ नंतर बघू म्हणणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. २०२१मध्ये पुण्यात लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रो मार्गाच्या उंचीवरून गणेश मंडळांनी आक्षेप घेतला आणि काही महिने काम अडलं. विसर्जनाच्या रथांची उंची तर मंडळांना पाठ असते. ती आराखड्याच्या टेबलावरच विचारायला हवी.

मध्यभागी कारंजं, पुतळा किंवा पक्की कुंडी बसवण्याआधी रथ, मोर्चा आणि व्यासपीठ कुठून जाईल ते कागदावर काढून बघा. मंडप येणार हे ठरलेलंच आहे. त्यासाठी जमिनीत झाकण असलेल्या लोखंडी खोबणी आधीच बसवा, नाहीतर दरवर्षी पहारीने फरशी फुटेल. वीज आणि पाण्याचे पॉइंटही तेव्हाच द्या. रुग्णवाहिकेची वाट गर्दीच्या दिवशीही मोकळी राहील अशी आखा.

थेट काँक्रीट ओतणं

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली ब्रॉडवेचा भाग गाड्यांना बंद केला, तेव्हा आधी फक्त रंग, बॅरिकेड्स आणि स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. लोक बसायला लागले, मग पक्कं काम झालं. आपल्याकडे लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. मला तो मनापासून आवडतो, पण एका दिवसावरून चौकाचा निर्णय घेता येत नाही. निदान काही आठवडे वाट अडवणारे ड्रम आणि रंगाने करून बघा. त्यात एक मोठा बाजाराचा दिवस आणि एक जोराचा पाऊस येऊ द्या.

गाड्या बंद करून माल विसरणं

दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. असं करताना दुकानाचा माल कधी उतरणार, रिक्षा कुठे थांबणार आणि पथारीवाले कुठे बसणार हे आधी ठरवायला हवं. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती असते, तिला पहिल्या बैठकीपासून बोलवा. हाकलून दिलेली हातगाडी संध्याकाळी परत येतेच, आणि तीही पदपथाच्या मधोमध.

काम झालंय, पण त्रास आहे?

दुचाक्या पदपथावर चढत असतील तर गाड्या अडवणाऱ्या बुटक्या खांबांमधलं अंतर तपासा. चाकाची खुर्ची गेली पाहिजे, पण दुचाकीला सरळ घुसता येऊ नये म्हणून खांब आडवे-तिरके लावा. पाय घसरत असतील तर गुळगुळीत ग्रॅनाइटवर फ्लेम फिनिश करून घ्या, म्हणजे आगीच्या झोताने तो खरबरीत करून घ्या. पहिल्या पावसात डबकी साचली तर गटाराची जाळी उताराच्या खालच्या टोकाला आहे का ते पाहा, बऱ्याचदा ती वरच्या टोकाला असते.

आणि काढता येणारे खांब बसवले असतील तर त्यांच्या चाव्या कुणाकडे आहेत ते आजच विचारा. एक संच वाहतूक पोलिसांकडे आणि एक अग्निशमन केंद्रात ठेवा, आणि कुणाला फोन करायचा तो नंबर खांबावरच रंगवून घ्या.