खाडीत जिताडा हवाय? मग आधी पाणी बघा, लुअर नंतर

लुअर फिशिंग, म्हणजे खोट्या आमिषाने मासेमारी, नवीन सुरू करणारे बरेच जण आधी ऑनलाइन वीस-पंचवीस लुअर मागवतात आणि मग विचारत बसतात की यातला कुठला चालतो. कोकणच्या खाडीत जिताडा माशासाठी तीन-चार लुअर पुरतात हो, पण भरती-सुकतीचं (सुकती म्हणजे ओहोटी) गणित कळलं नाही तर पेटीभर लुअर असून उपयोग नाही.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, मग शुद्ध असो की वद्य, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हे मुंबई-रायगडला बऱ्यापैकी जुळतं, मालवण-गोव्याकडे भरती थोडी लवकर येते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबई-रायगडकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, सगळा गाळ ढवळून निघतो, म्हणून रेवदंडा किंवा धरमतरला मी पंचमी ते दशमीचे, म्हणजे भांगाचे, कमी चढउताराचे दिवस धरतो. मालवणकडे चढउतार दोन मीटरच्या आसपासच, तिथे भांगाला पाणी जेमतेम हलतं, तेव्हा तिकडे उधाणच बरं. पाणी हलत नसेल तर जिताडा तोंड उघडत नाही हे लक्षात ठेवा.

आता जागा. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, असते ना, बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या दाबाने तिची झडप उघडते आणि कोलंबी, बोय माशाची पिल्लं धारेबरोबर बाहेर फेकली जातात. जिताडा त्या धारेत उभा राहत नाही, धारेच्या कडेला जिथे पाणी गोल फिरतं आणि फेस जमतो तिथे तोंड धारेकडे करून थांबतो. म्हणजे लुअर धारेच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि वाहत त्या फेसापर्यंत येऊ द्यायचा, सरळ माशाच्या डोक्यावर टाकलात तर गेला तो. उघाडी नसेल तर कांदळवनातून निघणारे ओहोळ बघा, तिथे सुकती लागल्या लागल्या खेळ सुरू होतो.

लुअर पाण्याच्या रंगावर ठरवा. गुडघाभर पाण्यात पाय दिसत असेल तर चंदेरी, बोयसारखा ९ ते १२ सेंटीमीटरचा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा कडक लुअर), दोन झटके आणि मग थांबायचं, बहुतेक फटका थांबल्यावरच बसतो. पाणी चहासारखं असेल तर सोनेरी किंवा पोपटी रंगाचा ४ इंची सॉफ्ट प्लास्टिक (मऊ रबरी लुअर), शेपूट हलणारा, १० ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन ओतलेल्या हुकावर), तळाला टेकवत टेकवत आणा. अंधार पडल्यावर काळा. पहाटे पाण्यावर लाटा नसतील तर पॉपर, म्हणजे वरच्यावर पाणी उडवणारा लुअर. थंडीत, जानेवारीच्या सकाळी, मासा सुस्त असतो, तेव्हा दुपारी ऊन खाल्लेल्या उथळ पाण्यात अगदी हळू फिरवा.

ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) ३० पौंडांची चालेल, पण लीडर, म्हणजे लुअरच्या आधीचा जाड तुकडा, ५० च्या खाली नको कारण जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी असतात, साधा तंगूस (नायलॉनची दोरी) एका झटक्यात कापतो. तांबोशी मासा लागला तर ती सरळ तिवरांच्या मुळांत घुसते, म्हणून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधीच घट्ट ठेवा आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला ओढून बाहेर काढा, नंतर काही हातात राहत नाही.

खडकावरून टाकायचं असेल, देवगड-मालवण साइडला, तर ३०-४० ग्रॅमचा मेटल जिग (धातूचा जड लुअर) लांब जातो, फक्त आधी दहा मिनिटं लाटा कुठवर येतात ते बघा आणि शेवाळ असलेल्या दगडावर उभे राहू नका. गोड्या पाण्यात मरळसाठी रबरी बेडूक गवतावरून ओढत आणा. महाडजवळ वाळण कोंडीतले मासे देवीचे मानतात, तिथे गळ टाकायचा नाही. आणि वाशिष्ठी, सावित्रीत मगरी आहेत, त्यामुळे चिपळूण-महाडकडे पाण्यात उतरून कास्ट करणं बंद.

एक कळकळीची विनंती, जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मीटरभर लांब मिळाला की तो बहुधा अंडी घालणारी मादी असते आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी तीच पुढची पिढी देते. खायला दोन-तीन किलोचा ठेवा, मोठी सोडा. सोडायचीय तर ट्रेबल (तीन टोकांचा हुक) काढून सिंगल हुक लावा, हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून घ्या, हात ओले करून धरा, फोटोसाठी जबड्याला लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या आणि पाण्यात तोंड धारेकडे करून ती स्वतः शेपूट मारेपर्यंत धरून ठेवा.