किशोरवयात मांसाहार सोडताना: ताटातली रिकामी जागा कशी भरायची

शाकाहार सुरू केलेल्या मुलामुलींची पहिल्या दोन महिन्यांतली तक्रार बहुधा एकच असते: सारखी भूक लागते, दुपारी गळून गेल्यासारखं होतं. कारण साधं असतं. ताटातून मांस गेलं, पण त्याच्या जागी काहीच आलं नाही. भात, पोळी किंवा ब्रेड आणि बटाट्याची भाजी हे शाकाहारी जेवण खरं, पण वाढीच्या वयाला ते पुरत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही नेमकं काय सोडताय? मांस आणि मासे सोडून दूध आणि अंडी चालू ठेवणार असाल तर काम बरंच सोपं आहे. अंडीही सोडली तरी दूध-दह्यावर निभावतं. दूधही बंद करायचं असेल तर तो वीगन आहार झाला. त्यात बी१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावीच लागते आणि कॅल्शियमचा हिशोब रोज ठेवावा लागतो. वाढीच्या वयात एकदम त्या टोकाला जाऊ नका. सहा महिने दूध चालू ठेवून स्वयंपाक आणि खाण्याची सवय बसू द्या, मग पुढचं ठरवा.

सुरुवातही टप्प्याटप्प्याने करा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, दुसऱ्यात चार, असं करत महिनाभरात पूर्ण शाकाहारावर या. इच्छाशक्ती कमी पडेल म्हणून हे सांगत नाही. कडधान्यांचं प्रमाण एकदम वाढलं की पोट बिघडतं, म्हणून आतड्यांना वेळ द्यायचा.

प्रथिनांचा हिशोब

या वयात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८५ ते १ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलो वजनाला ४३ ते ५० ग्रॅम. खेळाडूंना याहून जास्त लागतात. हा आकडा घाबरवणारा नाही. २५० मिली दुधातून ८ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, ५० ग्रॅम पनीरमधून ९, शिजलेल्या १०० ग्रॅम हरभऱ्यांतून ८ ते ९. पोळी-भातातूनही दिवसभरात १५ ग्रॅमच्या आसपास सहज मिळतात.

हिशोब चुकतो तो डाळीत. 'रोज डाळ खातो की' असं म्हणणाऱ्याच्या वाटीत एकदा चमचा घालून बघा. वर पिवळं पाणी आणि तळाला दोन चमचे डाळ. प्रथिनं त्या तळातल्या डाळीत असतात, पाण्यात जवळजवळ नसतात. म्हणून वाटी मोजू नका, कोरडी डाळ मोजा. माणशी एका जेवणाला ४० ग्रॅम कोरडी डाळ घेतली तर ९ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. वजनकाटा असेल तर एकदा ४० ग्रॅम मोजून ती तुमच्या मुठीत किंवा नेहमीच्या वाटीत कुठवर येते ते बघून ठेवा, पुन्हा मोजायची गरज पडत नाही. शिजल्यावर पळीतून सावकाश पडेल इतपत घट्ट ठेवा.

सोयाबीनचे वाळलेले तुकडे, म्हणजे सोया चंक्स, वजनाच्या निम्मी प्रथिनं देतात. ३० ग्रॅम कोरडे तुकडे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून दोनदा घट्ट पिळले की त्यांचा उग्र वास जातो. न पिळता रश्श्यात टाकले तर मसाला आत शिरत नाही आणि ते ओल्या स्पंजासारखे लागतात. बरेच जण इथेच सोयाबीन कायमचं सोडतात.

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यांच्या प्रथिनांत त्यातलं लायसिन कमी असतं आणि डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते. दोन्ही एकाच घासात हवीत असं मात्र नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं.

कडधान्यं शिजवायला शिका

हे कौशल्य आलं नाही तर शाकाहार टिकत नाही, म्हणून यावर थोडा वेळ घालवा. हरभरे, राजमा, सोयाबीन रात्री तिप्पट पाण्यात भिजवा, ८ ते १२ तास. सकाळी ते पाणी फेकून द्या, कडधान्य धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. गॅस करणारी काही साखर त्या फेकलेल्या पाण्याबरोबर जाते. दाणा शिजला की नाही हे दातांनी नाही, बोटांनी बघा: अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर लोण्यासारखा चेपला पाहिजे. मधे पांढरा कण लागला तर अजून शिजवा. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही दाणा मऊ झाल्यावरच घाला, आंबटात कडधान्य लवकर शिजत नाही.

राजम्याची गोष्ट वेगळी आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. अर्धे कच्चे चार-पाच दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरे होतात आणि त्रास १ ते ३ तासांत सुरू होतो. किमान ५ तास भिजवून, पाणी बदलून, खळखळत्या उकळीत निदान १० मिनिटं, शक्यतो ३० मिनिटं तरी ठेवायचाच. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्यात तो थेट टाकू नका. उकळी न येता कमी तापमानात तो घटक नष्ट होत नाही, उलट विषारीपणा वाढू शकतो. प्रेशर कुकर सुरक्षित. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो.

मोड आणणं, आंबवणं हेही कामाचं. धान्य-कडधान्यांतलं फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य लोह आणि जस्त धरून ठेवतं, भिजवल्याने आणि मोड आल्याने ते कमी होतं.

पोट फुगलं तर दचकू नका. अर्ध्या वाटीपासून सुरू करा, आठवड्याला थोडं वाढवा, पाणी भरपूर प्या. आतडी सरावतात.

लोह: काय खाता तितकंच कशाबरोबर खाता

मांसातलं लोह शरीर सहज घेतं, वनस्पतीतलं तितकं घेत नाही. अमेरिकी शिफारशीनुसार १४ ते १८ वर्षांच्या मुलींना रोज १५ मिलिग्रॅम आणि मुलांना ११ मिलिग्रॅम लोह लागतं. शाकाहारींनी याच्या १.८ पट घ्यावं असं तिथे म्हटलंय, म्हणजे मुलींना २७. मिश्र आहारातून १८ टक्के लोह शोषलं जातं आणि शाकाहारातून १० टक्के, असं धरून तो आकडा काढला आहे. २७ मिलिग्रॅम नुसत्या जेवणातून गाठणं अवघडच. शोषण वाढवणं त्या मानाने हातातलं आहे.

त्यासाठी दोन सवयी पुरतात. डाळ-कडधान्याच्या जेवणात 'क' जीवनसत्त्व असलेलं काहीतरी कच्चं असू द्या: लिंबू, संत्रं, पेरू, ढोबळी मिरची. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळत्या डाळीत 'क' जीवनसत्त्व टिकत नाही. दुसरी सवय म्हणजे जेवणाबरोबर चहा-कॉफी बंद. जेवताना घेतलेला एक कप चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. एक तास आधी किंवा नंतर प्या. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं, म्हणून दुधाचा पेला मुख्य जेवणाला न घेता सकाळी किंवा झोपताना घ्या.

पालकाचा बडेजाव जरा जास्तच आहे. त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही आहेत, पण कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेट या घटकामुळे त्याच्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के शरीराला मिळतं. भाजी म्हणून खुशाल खा, मदार डाळी, कडधान्यं आणि तिळांवर ठेवा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लोहाकडे दुप्पट लक्ष हवं. गोळी मात्र मनाने सुरू करू नका. तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या.

बी१२

वनस्पतीत ते खात्रीने कशातच मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक पदार्थात असतं असं सांगतात, पण त्यातलं बहुतेक शरीराला उपयोगी न पडणारं रूप असतं. १४ वर्षांपुढे रोज २.४ मायक्रोग्रॅम लागतं. २५० मिली दुधातून १ मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं, एका अंड्यातून अर्धा. म्हणजे दोन पेले दूध आणि वाटीभर दही रोज घेणाऱ्याचं भागतं, चहापुरतं दूध घेणाऱ्याचं नाही.

यकृतात बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी सगळं ठीक वाटतं आणि गाफीलपणा येतो. हातापायांना मुंग्या, न जाणारा थकवा, गुळगुळीत लाल जीभ ही लक्षणं उशिरा दिसतात. आणखी एक अडचण: डाळी-भाज्यांतलं भरपूर फोलेट (एक 'ब' जीवनसत्त्व) रक्तक्षय झाकून टाकतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. वीगन आहार असेल तर रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅमची गोळी, असं प्रमाण सांगितलं जातं. आकड्यांतली तफावत बघून गोंधळू नका. आतडी एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट घेऊ शकतात, उरलेल्यातलं साधारण एक टक्का आत जातं. गोळी कोणती हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

बाकीचं थोडक्यात. कॅल्शियम रोज १,००० ते १,३०० मिलिग्रॅम लागतं, दुधाच्या एका पेल्यात ३०० मिळतं. दूध नको असेल तर कॅल्शियम घातलेलं सोया दूध हलवून प्या, कॅल्शियम तळाशी बसतं. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. ओमेगा-३ या आवश्यक स्निग्धाम्लासाठी रोज एक मोठा चमचा जवसाची पूड किंवा थोडे अक्रोड. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं.

लेबलं आणि घर

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं आणि जेली, मार्शमॅलो, औषधांच्या कॅप्सूलमध्ये असतं. ई१२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने बनवतात. बाहेर सूप घेताना ते कसल्या पाण्यात केलंय हे विचारा.

घरच्यांशी बोलताना तत्त्वांवर वाद घालत बसू नका, आठवड्याचा बेत कागदावर लिहून दाखवा. आईला वेगळा स्वयंपाक करावा लागणार नाही हे त्यात दिसलं पाहिजे. आठवड्यातून दोन वेळचं कडधान्य तुम्ही स्वतः भिजवून शिजवा. रश्श्यातले मांसाचे तुकडे बाजूला काढून उरलेलं खायचं की नाही, हेही आधीच ठरवा, नाहीतर रोज जेवताना धुसफुस होते.

शाकाहार वजन कमी करण्यासाठी सुरू केला असेल तर थांबून विचार करा. एकेक पदार्थ गळत चालला, चारचौघांत जेवणं टाळावंसं वाटू लागलं, वजन उतरलं किंवा पाळी थांबली, तर तो प्रश्न आता आहाराचा उरलेला नाही. घरातल्या मोठ्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

सुरुवातीला एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका. लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि तो फेरिटिनमध्ये दिसतो, हिमोग्लोबिन त्यानंतर घसरतं.