सोलोला राहायला येताय? जावानीज आदराच्या बाजूने शिका

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो किंवा योग्याकार्ता शहरात नोकरीसाठी येणाऱ्यांना माझा पहिला सल्ला म्हणजे इंडोनेशियन शिकून या. बँक, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं त्याच भाषेत चालतं. पण घरात, बाजारात, गल्लीत लोक जावानीज बोलतात. आठ कोटींच्या घरात लोकांची ती मातृभाषा आहे आणि ती इंडोनेशियनची बोली नव्हे. आधी बांडुंगला राहिला असाल तर तिथे कानावर पडली ती सुंदानीज, तीही वेगळीच.

जावानीजमध्ये समोरच्या माणसाप्रमाणे शब्दच बदलतो. मित्रांमधली, घरातली भाषा ङोको. वडीलधाऱ्यांशी, अनोळखी माणसाशी बोलायची ती क्रोमो. शिवाय ज्याचा मान ठेवायचा त्याच्या कृतींसाठी क्रोमो इंगिल हे आणखी वरचे शब्द. जेवणं ङोकोत 'मङान', क्रोमोत 'नेडो', आणि आजोबा जेवत असतील तर 'डाहार'. आपण 'तू'चं 'तुम्ही' करतो आणि क्रियापद बदलतो. इथे शब्दच दुसरा येतो. क्रोमो इंगिल स्वतःसाठी कधीच वापरायचं नाही. 'मी डाहार' म्हणणं म्हणजे स्वतःलाच मान देणं.

कारखान्यात काम करणाऱ्यांच्या कानावर दिवसभर ङोको पडते, म्हणून तीच आधी तोंडात बसते. मग घरमालकीणबाईंनाही 'कोवे' (ङोकोतलं 'तू') म्हटलं जातं. त्या हसून घेतील, पण बाजूला उभे असलेले शेजारी चपापतात. त्यामुळे मी सगळ्यांना उलट्या क्रमाने शिकायला सांगते. आधी 'इंगिह' (हो), 'म्बोतन' (नाही), 'मातुर नुवुन' (आभार), 'मोंगो' (या, घ्या, चला) आणि 'नुवुन सेवु' (माफ करा). बसलेल्या माणसांसमोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली धरून 'नुवुन सेवु' म्हणा. एवढ्यानेच दारं उघडतात, हे मी मनापासून सांगते. पुढे अडलात तर सरळ इंडोनेशियनमध्ये बोला. क्रोमो नीट जमत नसलेली इथली तरुण मुलंही तेच करतात.

उच्चारात आपण नशीबवान आहोत. त-ट आणि द-ड हा फरक जावानीजमध्ये आहे आणि तो आपल्या जिभेवर आधीच आहे. रोमन लिपीत मात्र ट आणि ड दाखवायला त आणि द च्या अक्षरापुढे 'एच' लिहितात. तो पाहून थ, ध म्हणू नका. 'वदी' म्हणजे घाबरणं आणि 'वडी' म्हणजे वाळू, इतका फरक पडतो. शब्दाच्या शेवटचा 'अ' सोलो-योग्यात 'ओ'कडे झुकतो. पुरवोकर्तो, चिलाचापकडे तो 'अ'च राहतो, आणि सुराबायाची बोली जास्त रोखठोक वाटते.

घर मिळालं की आधी गल्लीच्या प्रमुखाकडे, म्हणजे 'पाक एर-ते'कडे, जाऊन नाव नोंदवा. वाटेत कोणी 'कुठे निघालात?' विचारलं तर ती चौकशी नव्हे, नमस्कार आहे. 'इथेच जरा' एवढं उत्तर पुरतं. 'मोंगो पिनाराक', म्हणजे 'या, बसा', हेही बरेचदा सौजन्यच असतं. आणि कामावर 'इंगिह' ऐकलंत की सहमती गृहीत धरू नका. त्याचा अर्थ बरेचदा 'ऐकलं' इतकाच. तोंडावर नकार देणं इथे अवघड जातं, म्हणून थोड्या वेळाने एकट्याला, शांतपणे पुन्हा विचारा.

शाकाहारी असाल तर टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफूवर छान निभेल. चटण्यांमध्ये तरासी, म्हणजे कोळंबीचा खर्डा, असतो. तो नको, हे आधीच सांगा.

आमंत्रणं आली की पाच वारांचं चक्र भेटेल: लगी, पाइंग, पोन, वागे, क्लिवोन. सात वारांशी ते जुळून ३५ दिवसांनी तीच जोडी परत येते, आणि बाळाचा एक समारंभ त्याच दिवशी होतो. १६३३ साली जावाच्या माताराम राज्याचे सुलतान आगुंग यांनी चांद्र हिजरी वर्ष स्वीकारलं, पण आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला. चांद्र वर्ष छोटं असल्याने तो आज आपल्या शालिवाहन शकाच्या सुमारे १२ वर्षं पुढे आहे. शेजाऱ्यांना तुमचा जन्मवार हमखास विचारायचा असतो, तेव्हा जन्मतारखेवरून तुमची जोडी काढून ठेवा. सोलोत भाजी घ्यायला जाल ते पासार लगी, त्याचं नावही याच वारावरून पडलंय.