कस्टमर केअरला काय सांगायचं आणि काय नाही

परवा विश्रामबागला आमच्या शेजारच्या काकूंचं वॉशिंग मशीन बंद पडलं आणि चॅटवर 'डिटेल्स पाठवा' असं आल्याबरोबर त्या आधारकार्डाचे पुढून-मागून फोटो काढायला लागल्या. मी म्हटलं, काकू थांबा, मशीन दुरुस्तीला आधार कशाला?

आता काहीच सांगायचं नाही असंही करू नका, मग काम अडतं. ऑर्डर नंबर, बिलाचा फोटो, मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर आणि घराची खूण हे सगळं पहिल्याच मेसेजमध्ये टाका. काकूंनी 'विलिंग्डन कॉलेजकडनं आलं की दुसरी गल्ली' एवढं नीट लिहिलं म्हणून माणूस फोन न करता दारात आला. पत्ता दिल्याचा असा फायदा होतो, तो द्यायला माझी काहीच हरकत नाही.

ॲपनं लोकेशन मागितलं तर 'फक्त ॲप वापरताना' निवडा. कॉन्टॅक्ट मागितले तर सरळ नाही म्हणा, आपल्या माहेरच्या लोकांचे नंबर द्यायचा हक्क आपल्याला कुणी दिलाय? काम झालं की सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनही बंद करा. सिमकार्डसारख्या कामाला ओळखपत्र लागतं ते वेगळं, पण नुसती ओळख पटवायला आधार मागितलं तर आधारच्या साइटवरनं मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

ओटीपीचा घोळ सगळ्यात मोठा. दुरुस्तीवाला काम झाल्यावर एक कोड मागतो, तो तक्रार बंद करायचा असतो आणि खरा असतो. पण मेसेज पूर्ण वाचायचा, त्यात रुपये किंवा बँकेचं नाव दिसलं तर कुणालाही सांगायचा नाही. आणि खरा कोडसुद्धा मशीन चालू झाल्याशिवाय देऊ नका, नाहीतर तक्रार बंद आणि मशीनही बंद. काकूंनी एक बादली कपडे धुऊन, पिळून निघेपर्यंत त्याला चहा पाजून बसवलं, मग कोड दिला.

गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरला फोन करू नका, बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्या. समोरच्यानं स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं किंवा यूपीआय पिन विचारला तर तिथंच फोन ठेवा. पैसे गेलेच तर वाट न बघता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.