मराठी मजकुरातील विरामचिन्हे संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी कशी तपासावीत

मजकूर पक्का झाल्याशिवाय विरामचिन्हांना हात लावू नये.

प्रथम अवतरणचिन्हे पाहावीत. सरळ उभी चिन्हे टंकलेखन यंत्रापासून चालत आलेली आहेत. कळा वाचवण्यासाठी तेथे उघडणाऱ्या व मिटणाऱ्या चिन्हांना एकच कळ दिलेली असे. विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या अंककळांवर ०१४५ व ०१४६ टंकल्यास ‘ ’ मिळतात, ०१४७ व ०१४८ टंकल्यास “ ” मिळतात. शतक गाळून ’९५ असे लिहिताना मिटणारे चिन्हच हवे. आपोआप होणारी दुरुस्ती तेथे हमखास उघडणारे चिन्ह घालते.

‘ठाणे–वाशी’, ‘६–८’ अशा ठिकाणी संयोगचिन्हाऐवजी लांब रेघ (०१५०) वापरावी. तीन टिंबांसाठी ०१३३.

खरी डोकेदुखी अपूर्णविरामाची (:) आहे. ठाण्यातील कार्यक्रमांची निवेदने तपासताना ‘स्थळः गडकरी रंगायतन’, ‘वेळः सायंकाळी ६’ असे विसर्ग मला सतत आढळतात. दिसायला सारखेच आहे, चालून जाते, असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये. विसर्गाला उच्चार आहे, अपूर्णविरामाला नाही. शिवाय विसर्गापूर्वी मोकळी जागा सुटली, तर तो अनेकदा ठिपक्यांच्या वर्तुळासह उमटतो. हा सगळाच लिहिणाऱ्याचा आळस नव्हे: इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर अपूर्णविरामाच्या कळीवर ‘छ’ बसलेला आहे आणि विसर्ग मात्र हाताशी आहे. म्हणून त्या एका चिन्हापुरते इंग्रजी कळफलकावर जाऊन परत येण्याची सवय लावून घ्यावी, मग ते कितीही कंटाळवाणे वाटो.

जुना मजकूर दुरुस्त करताना सगळे विसर्ग एका फटक्यात बदलण्याची आज्ञा कधीही देऊ नये. तिच्यामुळे ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘क्रमशः’ हे निर्दोष शब्दही बिघडतात. त्याऐवजी विसर्ग आणि त्यापुढील मोकळी जागा अशी जोडी शोधावी, म्हणजे ‘अंतःकरण’सारखे शब्द वाटेत येतच नाहीत. ओळीच्या शेवटचे विसर्ग या शोधातून निसटतात, ते नजरेने पाहावेत. सापडलेल्या जागांपैकी ‘स्वतः’, ‘विशेषतः’, ‘अंशतः’ असे शब्द सोडून द्यावेत आणि उरलेले विसर्ग एकेक पाहून बदलावेत.

यानंतर उलट तपासणीही करावी. दोन अक्षरांच्या मध्ये अडकलेला अपूर्णविराम शोधला की ‘दु:ख’ आणि ‘नि:स्वार्थ’ हाती लागतात. तेथे विसर्ग घालावा. अन्यथा पानावर ‘दुःख’ शोधणाऱ्या वाचकाला तो शब्द समोर असूनही सापडणार नाही.