जुनी कॅनेडियन माउंटन सायकल: फ्रेम कशी तपासावी

व्हँकुव्हरजवळचा नॉर्थ शोअर म्हणजे ओली मुळं, दगड, तीव्र उतार. पॉल ब्रोडी यांच्यासारख्या तिथल्या सायकल-फ्रेम कारागिरांनी १९८०च्या दशकात वरची नळी सीटकडे उतरती केली. त्यामुळे पाय पटकन जमिनीला टेकतात आणि फ्रेमचा मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांचा) आटोपशीर राहतो. फार देखणी रचना!

पण या उतारामुळे सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आखूड होते, म्हणून तिच्या लांबीवरून माप ठरवाल तर फसाल. हेड ट्यूबच्या (हँडलखालची पुढची आखूड नळी) वरच्या टोकापासून सीट पोस्टच्या (सीट धरणारा दांडा) मध्यापर्यंत टेप अगदी आडवी धरून मोजा.

मग पोस्ट बाहेर काढा. तिचं खालचं टोक वरच्या नळीच्या जोडाखाली निदान ३-४ सेंमी जायलाच हवं. आखूड पोस्ट वर ओढून वापरली की सगळा जोर सीट ट्यूबच्या तोंडावर येतो आणि जोडापाशी तडा जातो. सुरुवातीला तो रंगावर केसाएवढी गंजकट रेघ दिसतो. नख फिरवून बघा.

अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलमध्ये जाम झाली असेल तर हातोडा नको. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग सीट धरून पिळा.

शेवटी एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणा. सीट ट्यूबपासून दोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या अंतरात २ मिमीहून जास्त फरक आला, तर फ्रेम वाकलेली आहे.