होडीचे लाकूड कसे निवडावे, आणि दर्यावर्दींच्या समजुती कितपत मानाव्यात

समुद्रात उतरणाऱ्या होडीच्या लाकडाला एकाच वेळी तीन शत्रूंशी झुंजावे लागते: खाऱ्या पाण्यात भिजणे आणि उन्हात वाळणे यांचे सतत चालणारे चक्र, लाकूड पोखरणारे सागरी जीव, आणि खिळ्यांच्या भोकांपासून आत शिरणारी कूज. घराच्या तुळईला यांपैकी एखाद्याच शत्रूशी गाठ पडते, म्हणून घरबांधणीतला अनुभव इथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. किनाऱ्यावरच्या सुतारांनी आणि नाखव्यांनी या विषयातले पुष्कळसे शहाणपण समजुतींच्या रूपाने सांभाळले आहे. त्यांतल्या काही समजुती म्हणजे वेश पालटलेले निरीक्षण आहे, तर काही निव्वळ भीती. समजूत ऐकून घ्यावी, पण तिच्याआड लाकडाचा कोणता दोष दडला आहे हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाड उभे असतानाच पाहावे

शक्य असेल तर निवड वखारीत नव्हे, झाडापाशी सुरू करावी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त देवमूर्ती आणि घर यांच्या लाकडासाठी वर्ज्य झाडांची यादी दिली आहे. स्मशानातले, देवळाजवळचे, वारुळाशेजारचे, पक्ष्यांची घरटी असलेले, वेलींनी वेढलेले, विजेने होरपळलेले आणि उभ्या उभ्या आपोआप वाळलेले झाड घेऊ नये, असे तो सांगतो. होडीचा विषय त्याच्यासमोर नव्हता, तरीही ही यादी होडीच्या सुताराने हातात घेऊन जंगलात जावे इतकी कामाची आहे. वीज पडलेल्या खोडात बाहेरून न दिसणाऱ्या उभ्या चिरा असू शकतात आणि फळी वाकवताना त्या नेमक्या उघडतात. वारुळाशेजारच्या झाडाच्या बुंध्यात वाळवी शिरलेली असण्याची शक्यता मोठी असते. आपोआप वाळलेल्या झाडात बुरशी आणि भुंगेरे सुताराच्या आधीच पोचलेले असतात. वेलींनी आवळलेल्या खोडाचे तंतू पिळवटलेले असू शकतात, आणि अशी फळी वाळताना वेडीवाकडी होते.

स्मशान आणि देवराई यांबाबत मात्र लाकडाच्या गुणाचा काही संबंध नाही. तिथले झाड न तोडणे हा गावाच्या श्रद्धेचा आदर आहे आणि देवराया टिकल्या त्या त्याच आदरामुळे, म्हणून तो पाळावा. पिंपळावर मुंजा आणि चिंचेवर भूत असते म्हणून ती लाकडे होडीत घेऊ नयेत, असे सांगणारे लोक अजून भेटतात. मुंजाचे राहू द्या. पिंपळाचे लाकूड मऊ असते आणि लवकर कुजते, तर चिंचेचे इतके जड आणि आडव्यातिडव्या तंतूंचे असते की सरळ फळी निघणे कठीण. भूत असो वा नसो, निर्णय तोच राहतो.

जागेवर जाण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहून घ्यावी. महाराष्ट्रात साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस यांसारखी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या जमिनीवर असली तरी वृक्षतोडीच्या १९६४ च्या अधिनियमानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडलेला माल हलवण्यासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना लागू शकतो. विक्रेत्याकडे कागद नसतील तर स्वस्त मालाचा मोह टाळावा.

कोणत्या भागाला कोणते लाकूड

तळाचा कणा, म्हणजे पठाण, आणि नाळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचे उभे लाकूड, यांना लांब, सरळ आणि निर्दोष लाकूड लागते. ऐपत असेल तर साग, नसेल तर ऐन. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यामुळे कीड आणि कूज त्याला सहज धरत नाहीत, तो आकसतो कमी आणि लोखंडी खिळ्यांना खातही नाही. या शेवटच्या गुणामुळे, आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा पडल्यामुळे, ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याकडून मलबारी सागाची जहाजे बांधून घेतली. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. ऐन सागापेक्षा जड आणि बळकट असतो, पण वाळताना फाटतो आणि त्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाला काळे करून खाऊन टाकते. म्हणून ऐनात तांब्याचे खिळे मारावेत, किंवा निदान जस्ताचा मुलामा दिलेले तरी.

फासळ्या, म्हणजे वांक, सरळ लाकडातून वक्र कापू नयेत. असे कापल्यास तंतू तुटतात आणि पहिल्याच मोठ्या लाटेला फासळी त्या तुटलेल्या रेषेवर मोडते. फर्मा, म्हणजे फासळीच्या बाकाचा नमुना, घेऊन बाभळीच्या किंवा उंडीच्या वाकड्या फांद्यांपाशी जावे आणि ज्या फांदीचा नैसर्गिक बाक फर्म्याशी जुळतो तीच निवडावी. हे वेळखाऊ काम आहे, पण होडीचे आयुष्य इथेच ठरते. डोलकाठीला लवचीक, सरळ आणि तुलनेने हलके लाकूड हवे. उलांडीच्या, म्हणजे तोल सांभाळायला होडीच्या बाजूला जोडलेल्या आधाराच्या, तरंगत्या ओंडक्याला पांगाऱ्यासारखे हलके लाकूड चालते. ते दर काही वर्षांनी बदलायचे असते हे गृहीतच धरावे.

आंब्याच्या फळ्या स्वस्त आणि रुंद मिळतात, म्हणून लहान होडीत त्या सर्रास वापरल्या जातात. त्या तेल पाजून जपाव्या लागतात आणि सागाइतक्या टिकत नाहीत. आंबा आणि फणस यांबद्दल रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला दंडक इथे आठवतो. ही लाकडे आरमाराच्या कामाची असली तरी रयतेने लेकरासारखी वाढवलेली आहेत, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन मगच ते न्यावे, असा तो आहे. आजही फळ देणारे झाड होडीसाठी तोडण्यात शहाणपण नाही. फळ थांबलेल्या जुन्या आंब्याचे खोड मिळाले तर घ्यावे, मात्र त्याचा गाभा पोकळ नाही ना, हे आधी पाहावे.

वखारीत काय तपासावे

ओंडक्याची दोन्ही टोके आधी पाहावीत. मध्यापासून बाहेर पसरलेल्या बारीक चिरा वाळताना पडतात आणि टोक कापून टाकले की बहुधा जातात. खोडाच्या वाढीच्या वलयांच्या रेषेतून फिरणारी गोल फट असेल तर ती आतवर गेलेली असू शकते, म्हणून असा ओंडका सोडून द्यावा. फळी घेताना गाभ्याभोवतीचा फिकट थर कापून टाकलेला असावा, कारण सागाचा टिकाऊपणा फक्त गडद भागात असतो. लागवडीतल्या कोवळ्या सागात हा फिकट थर जाड असतो आणि भाव मात्र जुन्या सागाचाच सांगितला जातो. खोडाचा मधला बिंदू ज्या फळीत येतो ती फळी फाटणारच. हातोडीचा दांडा फळीवर ठोकत जावे: खणखणीत आवाज एका ठिकाणी बद्द झाला, तर तिथे कूज किंवा फट आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर कीड अजून जिवंत आहे. फळीच्या काठावर तंतूंची रेषा लांबवर समांतर धावावी. ती काठाबाहेर पळत असेल तर फळी वाकवताना तुटते. वलये फळीच्या रुंद बाजूला उभी असतील तर फळी आकसते आणि फुगते कमी, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जितके हलते त्याच्या सुमारे निम्मेच ते त्रिज्येच्या दिशेने हलते.

ओलावा मोजायला यंत्र नसले तरी अडत नाही. फळीच्या टोकापासून थोडे आतून एक तुकडा कापून तोलावा, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत वाळवावा, आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणावे. होडीसाठी १५ टक्क्यांच्या आसपासचा ओलावा योग्य; त्याहून फार कोरडे लाकूड पाण्यात फुगून सांधे उचकटते.

तोडण्याची तिथी आणि वाळवणे

वद्य पक्षात तोडलेल्या लाकडाला, विशेषतः बांबूला, कीड लागत नाही अशी समजूत कोकणात पक्की आहे. कीड येते ती मुख्यतः लाकडातल्या पिष्टासाठी, आणि तिथीपेक्षा मोसमावर जास्त भर द्यावा, असे मी सांगेन. दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या कोरड्या काळात तोडणी केली की पावसाच्या आत फळ्या पुरेशा सुकतात आणि बुरशीला वाव राहत नाही. तोडायचा महिना योग्य असेल आणि नाखव्याने अमावास्येजवळचा दिवस सुचवला, तर वाद घालू नये. त्यात कुणाचे काही जात नाही.

फळ्या जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात आणि टोकांना मेण किंवा रंग लावावा, म्हणजे टोके घाईने वाळून चिरत नाहीत. ढोबळ नियम असा की एक इंच जाडीला एक वर्ष. भट्टीत वाळवलेला माल घेतल्यास वेळ वाचतो, पण बांधणीच्या जागी तो काही आठवडे ठेवावा.

मिश्र लाकूड आणि लोखंड

धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त लाकडाचे चार वर्ण सांगितले आहेत: हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके व कठीण ते क्षत्रिय, मऊ व जड ते वैश्य, कठीण व जड ते शूद्र. क्षत्रिय लाकडाचे जहाज संपत्ती आणते आणि वेगवेगळ्या वर्णांची लाकडे जोडलेले जहाज टिकत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. वर्णांची भाषा बाजूला ठेवली तर उरते ती पक्की सुतारकी: भिजल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगणाऱ्या फळ्या शेजारी-शेजारी लावल्या की सांध्यातली भर निसटते आणि होडी गळू लागते. म्हणून वांक निराळ्या लाकडाचे चालतील, पण एका बाजूच्या फळ्या एकाच जातीच्या आणि जवळपास सारख्या वाळलेल्या असाव्यात.

त्याच ग्रंथात तळाला लोखंड वापरू नये, कारण समुद्रातले चुंबक खडक ते ओढून घेतील, असेही म्हटले आहे. लोखंड टाळायचे तर फळ्या काथ्याने शिवाव्या लागत. खडकांची भीती निराधार असली तरी अशी शिवलेली होडी वाळूवर आपटताना लवते आणि फुटत नाही, हा तिचा खरा फायदा होता. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात याच शिवणपद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. आजची खिळ्यांची होडी बांधणाऱ्याने एवढेच पाहावे की पाण्याखाली तांबे आणि लोखंड एकमेकांना लागणार नाहीत, नाहीतर खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने झिजते. सांध्यांना इपॉक्सी, म्हणजे घट्ट चिकटणारी कृत्रिम राळ, वापरायची असल्यास सागाचा सांधा थिनरने पुसून तेल काढल्यावरच ती लावावी.

ज्या समजुती पाळायला हरकत नाही

‘त्रिंकोमाली’चा कणा १८१६ मध्ये बसवताना पारशी रिवाजानुसार कोरीव चांदीचा खिळा त्यात ठोकला गेला होता. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात १९६२ मध्ये सापडलेल्या रोमन काळातल्या बोटीत डोलकाठीच्या खाचेत डोमिशियन बादशहाचे नाणे होते. शुभ म्हणून चांदीचा खिळा मारायचा असेल तर तो पाण्याच्या रेषेच्या वर, आधी भोक पाडून मारावा. डोलकाठीखाली नाणे ठेवायचे तर ठेवावे, पण खाचेत पाणी साचून राहणार नाही अशी वाट काढून द्यावी. डोलकाठीचा बुंधा कुजतो तो तिथूनच. नाळेला नारळ वाढवताना तो थेट लाकडावर आपटू नये, कारण दिलेल्या रंगाला किंवा तेलाला गेलेला तडा खाऱ्या पाण्याला आत शिरायला पुरतो.

होडी तयार झाल्यावरची पहिली कसोटी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात लागते. तेव्हा होडी ओढून वर घ्यावी आणि तळ उलटा करून खरवडावा, कारण लाकूड पोखरणारे सागरी जीव ओलाव्याशिवाय फार काळ जगत नाहीत. मग टोकदार अरीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी हातभर अंतरावर टोचत जावे, आणि अरी जिथे सहज आत शिरेल तो भाग नारळी पौर्णिमेच्या आत बदलावा.